साहेबांची ट्रंक

मु. चौक, बुधवार, जानेवारी १९४६

फार थकलोय. आज सहावीला इतिहासाचा धडा वाचून न दाखवता नाटकच करायला लावलं. एक जण सरदार, बाकीची वेठीला धरलेली माणसं. ओझं म्हणून माझीच रिकामी ट्रंक दिली. पोरं काय खूश! कण्हत होती, हसत होती.

मग मी ऐटीत म्हणालो, "असं फुकट राबवून घ्यायचे. आता ती पद्धत गेली."

चांगुणा उठली. "नाय गेली, गुरुजी. परवा शाळा तपासायला सायब आले, त्यांची ट्रंक आमच्या बानं कर्जतपासनं डोक्यावर आणली. हातावर काय नाय ठेवलं कुणी. भात झोडायचं रायलं त्याचं."

तिच्यावर खेकसलो, खाली बस म्हणालो. का खेकसलो? साहेबांच्या ट्रंकेसाठी माणूस धाडा, हा निरोप पाटलांना मीच दिला होता. कोण जाणार, त्याला काय द्यायचं, काही विचारलं नव्हतं.

शाळा सुटली. माझी ट्रंक खोलीवर न्यायची होती. मी काही बोलायच्या आत चांगुणानं ती डोक्यावर घेतली.

आणि मी घेऊ दिली.