अक्काचा तिसरा हिस्सा

३ नोव्हेंबर, सोमवार
कार्यालयातून परतलो तोच थोरल्या अण्णाचा पुण्याहून फोन. शेजारच्या किराणा दुकानदाराने आपल्या घराला दिलेला भाव त्याला मान्य आहे. वडील गेले, आता घर ठेवून उपयोग काय, असे त्याचे म्हणणे. तिथे मी राहतो, हा मुद्दा त्याने विचारात घेतलेला नाही. पुढे म्हणाला, "अक्काकडून हक्कसोडपत्र करून घे. जाताना एक चांगली इरकल साडी ने. आपल्यात बहिणी वाटा घेत नाहीत."
मी: "कायद्याने तिघांचा समान आहे."
"महादेव, कायदा मला नको शिकवू. ती मागते आहे का?"
मागत नाही, हे खरे.
स्वयंपाक केला नाही. दूध आणि सकाळची भाकरी.

९ नोव्हेंबर, रविवार
अक्काकडे कुंभारीला जाऊन आलो. अक्का दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. इरकल नेली नव्हती. नेली असती तर प्रश्नाआधीच उत्तर ठरवल्यासारखे झाले असते. विषय मीच काढला. हात न थांबवता म्हणाली, "करते की सही. कवा यायचं तेवढं सांग."
"अक्का, तुझा तिसरा हिस्सा आहे त्यात."
"आनि घेऊन काय करू? वाटा घेतलेल्या बहिनीला जत्रेला कोन बोलवतंय? घर तर जानारच. तुला अर्धं मिळालं तर दोन खोल्या घेशील. एक माझी समज. तुझी बायको गेल्यापासून तुला गरम भाकरी कोन घालतंय, तम्मा?" धाकट्या भावाला ती कानडीत तम्माच म्हणते.
आतून दाजी खोकत खोकत म्हणाले, "भावाला गरम, आमाला गार. चालू दे."
परतीच्या बसमध्ये हिशेब केला. अर्ध्यात दोन खोल्या, तिसऱ्या हिश्श्यात एक. तिचे बरोबर आहे. तरीही...

१२ नोव्हेंबर, बुधवार
विचार पक्का. हक्कसोडपत्र करायचे नाही. अण्णाचे पुण्यात तीन फ्लॅट. अक्काच्या डोक्यावर पत्रा. तिच्या सहीने त्याला चौथा मिळावा, हे पटत नाही. आणि माझी दुसरी खोली तिच्या हिश्श्यातून यावी, हेही नाही. तीन समान हिश्श्यांचा तक्ता टाइप करून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाठवला. सर्वांना एकाच वेळी, म्हणजे कोणाच्या मनात शंका नको. बरे वाटले.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
अण्णा: "बी.कॉम. झालास, शहाणा झाला नाहीस." फोन ठेवला.
अक्काचे उत्तर नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार
पुन्हा कुंभारी. अक्काचा फोन दाजींच्या खिशात असतो. हे मला ठाऊक होते. तक्ता पाठवताना ध्यानात आले नाही. त्यांनीच तो प्रथम वाचला, मग शेजाऱ्यांना वाचून दाखवला. मला खुर्ची पुसून दिली. "या, पाव्हणं! लई भारी काम केलंत."
अक्का चहा ठेवून आत गेली. मागोमाग गेलो.
"मी सही करनार होते, तम्मा. आता कशी करू? हे पोराच्या रिक्षाची चौकशीबी करून आले."
"अगं, तुझ्या हक्काचे आहे."
"हक्क माझा ना? मग धरायचा का सोडायचा, मला इचारायचंस की. गावाला सांगितलंस."
बाहेर येऊन चहा प्यालो, तो गार झाला होता.

१८ डिसेंबर, गुरुवार
निबंधक कार्यालयात खरेदीखत झाले. अण्णा सकाळी आला, सायं. परत गेला, घरात पाऊल टाकले नाही. आम्ही तिघे भावंडे एका बाकावर, मध्ये दाजी. अक्काचा अंगठा यंत्र घेईना. विड्या वळून रेषा झिजल्या आहेत. कारकून म्हणाला, "आज्जी, जोरात दाबा." ती माझ्याहून चारच वर्षांनी मोठी. अण्णाने खिशातला रुमाल काढून तिचा अंगठा पुसला, धरून यंत्रावर ठेवला. "आता घे म्हणावं," असे पुटपुटला. ती किंचित हसली. त्याच्याकडे बघून.
बाहेर आल्यावर अण्णा मला म्हणाला, "झालं तुझ्या मनासारखं?"
अक्का रिक्षात बसली. वळून पाहिले नाही.

४ जानेवारी, रविवार
नव्या खोलीत आठवडा झाला. अण्णाने चौथ्या फ्लॅटचे बुकिंग केले, असे कळले. अक्काच्या हिश्श्यातून दाजींच्या दवाखान्याची उधारी फिटली, पोराची रिक्षा आली, पत्र्याच्या जागी स्लॅब पडला. उरले काही नसावे. माझा हिस्सा या चार भिंतींत संपला. भागाकार बरोबर होता. तो पुन्हा तपासला. अण्णाला जे मिळाले ते वाढत जाईल. तिला मिळाले ते मागचे खड्डे भरण्यात गेले. हे कोणत्या तक्त्यात बसवायचे, कळत नाही. स्लॅब मात्र पडला, ही गोष्ट खरी.
आज दार फक्त इस्त्रीवाल्याने वाजवले. तोही चुकून.

११ जानेवारी, रविवार
इथल्या, संक्रांतीतल्या गड्ड्याच्या जत्रेचे आमंत्रण द्यायला कुंभारीला गेलो. अक्का पाइप धरून नव्या बांधकामावर पाणी मारत होती.
"जत्रेला उतरू कुटं? केवढी हाय तुझी खोली?"
"दहा बाय बारा. मोरी आतच आहे."
ती हसली. किती दिवसांनी. मग हसू आवरून म्हणाली, "मापं सांगतोस. ये म्हनत न्हाईस."
मी बोलायला हवे होते. बसची वेळ झाली आहे, असे म्हणालो. तेही खरे होते.

१२ जानेवारी, सोमवार
दु. जेवणाच्या सुट्टीत फोन केला. दाजींनी उचलला, तिला दिला. "अक्का, ये," एवढेच म्हणालो. पुढची वाक्ये तयार होती, ती राहू दिली.
पलीकडे पाण्याचा आवाज. मग, "उद्या भोगी हाय. बाजरीचं पीठ हाय का घरात?"
"आहे."
येते, असे ती म्हणाली नाही. फोन दाजींकडे गेला.
पीठ नव्हते. साहेबांना सांगून लवकर निघालो, वाटेत बाजरी घेतली. गिरणीवर लांब रांग, प्रत्येकाच्या डब्यात बाजरीच. माझ्याकडे डबा नव्हता. बाजरीची पिशवी दोन्ही हातांनी धरून शेवटी जाऊन उभा राहिलो.