शिवलकर बाईंचा उजवा हात

मी, मथुरा गोविंद शिवलकर, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार मिरजोळे, जिल्हा रत्नागिरी, माझं डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दाबाखाली नसताना हे मृत्युपत्र स्वतः लिहीत आहे. डाव्या हातानं लिहीत आहे. असल्या अक्षरासाठी मी पोरांना बडवून काढलेलं आहे. पुतण्या गौरव याला सगळं देणारं माझं आधीचं मृत्युपत्र आजपासून रद्द.

कलम १. मिरजोळ्यातलं चिऱ्याचं घर, पुढची पडवी आणि मागचे दोन हापूस ही माझी स्वकष्टाची मिळकत आहे. ती मी नितेश सखाराम घाणेकर, धंदा गॅरेजात मेकॅनिक, यास देते. तो माझा नातेवाईक नाही. अट एकच, पडवीत लहान मुलांना इंग्रजी वाचायला शिकवण्याचा माझा फुकटचा वर्ग चालू राहिला पाहिजे. गौरव कोर्टात जाईल, जाऊ दे. तिथं पुढचं कलम मोठ्यानं वाचावं.

कलम २. सन २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं. माझं स्वतःचं इंग्रजी बेताचं. मग मी स्पेलिंग घोकून घ्यायचे, एका अक्षराला शिपटीचा, म्हणजे निगडीच्या झाडाच्या फोकाचा, एक फटका टेबलावर, आणि चुकलं की तोच फटका बोटांवर. "सी ए टी कॅट, सी ए टी कॅट." संगमेश्वराकडच्या माझ्या शाळेत चाळीस पोरं एका सुरात ओरडायची आणि मला वाटायचं, वाचतात.

२००३ साली तपासणीला साहेब आले. त्यांनी दुसरीतल्या नितेशला फळ्यावरचा शब्द वाचायला उभा केला. घोकलेलं त्याला आठवेना. मग मराठी जोडून वाचतात तसा त्यानं एकेका अक्षराचा आवाज काढला. "क्... ॲ... ट्... कॅट." हे त्याचं त्यानंच शोधलेलं. साहेब खो खो हसले. "बाई, हे कुठलं नवीन इंग्रजी?"

साहेबांची जीप फाटकाबाहेर गेली आणि मी नितेशच्या डाव्या कानावर ठेवून दिली. तो म्हणाला, "पण बाई, बरोबर आला ना?" म्हणून दुसरी दिली, पहिलीपेक्षा जोरात. कानातून रक्त आलं, कॉलर भिजली. मी त्याला नळाखाली धरला आणि म्हटलं, घरी सांगशील तर तंगडं मोडीन. पडदा फाटला तो फाटलाच. त्या कानानं त्याला आजही ऐकू येत नाही.

कलम ३. निवृत्तीनंतर, २०१६ साली, शेजारची अमरीन मुकादम मला सोबत म्हणून शहरात एका प्रशिक्षणाला घेऊन गेली. ती इंग्रजी शाळेत शिकवते. विषय फोनिक्स. पंचविशीतली एक पोरगी पुढं उभी राहिली आणि म्हणाली, आधी अक्षराचं नाव नको, आवाज द्या, आवाज जोडले की मूल आपोआप वाचतं. आणि म्हणाली, "क्, ॲ, ट्." मी उठून बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी एसटीनं नितेशचं गाव गाठलं. तो खळ्यात लाकडं फोडत होता, वीस वर्षांचा बाप्या. मी म्हटलं, "नितेश, तेव्हा तुझं बरोबर आलं होतं." त्यानं कुऱ्हाड टाकली आणि माझा गळा धरला. "बहिरा बहिरा म्हणून पोरांनी जीव नकोसा केला. सातवीतनं शाळा सोडली मी. आणि आता सांगायला आलीस?" माझे पाय जमिनीवरून सुटले होते. त्याच्या आईनं त्याला ओढून काढलं, आणि मी उठून चालू लागले तशी तिनंच माझ्यावर कोयती भिरकावली. दोघांवर माझी काही तक्रार नाही. उजव्या पोटरीवरचा वण माझी ओळखखूण म्हणून इथं नोंदवावा.

परत येऊन पडवीत वर्ग सुरू केला. ताटात वाळू, वाळूत बोटानं अक्षर, तोंडानं त्याचा आवाज. शिपटी नाही. गेल्या जूनमध्ये वेदिका नावाची मुलगी आली, गॅरेजातल्या कामासाठी गावाकडून इथं राहायला आलेल्या बिऱ्हाडातली. तिचा बाप तिला ओढून न्यायला दारात आला तेव्हा कळलं की बाप कोण. त्या वेळी ती वाचत होती, "क्, ॲ, ट्." नितेश पायरीवर बसला. वर्ग सुटेपर्यंत उठला नाही.

कलम ४. गौरव. याला इथं लॉज बांधायचा आहे. गेल्या ऑक्टोबरात पहार घेऊन आला, पोरांच्या देखत ताटं उधळलीन, फळा फोडलान, मी आडवी गेले तर माझं उजवं मनगट पहारीनं मोडलान, अजून त्या हातात पेन धरवत नाही. गौरवा, हात मात्र नेमका निवडलास! नितेश मुलीला न्यायला आला होता. त्यानं गौरवला पायरीवर आपटला, दोन दात पडले. ते गौरवचे गौरवला राहू देत. त्याशिवाय फुटक्या फळ्याची फळकुटं तेवढी त्यानं न्यावीत, घराचा एक चिराही नाही.

कलम ५. चित्रांचे पत्ते, वाळूची ताटं आणि नवा फळा अमरीनला. वर्ग तिनंच घ्यावा. पोरांवर हात उगारलाच तर आधी माझ्या पोटरीची आठवण काढावी.

कलम ६. निगडीची शिपटी अजून माझ्या कपाटात आहे. सरणावर ती माझ्या उजव्या हातात बांधावी. दोन्ही एकदम जळू देत.

कलम ७. हात मोडल्यानंतरच्या रविवारी नितेश नवा फळा ठोकायला आला. ठोकून झाल्यावर म्हणाला, "मला शिकवा." क् आणि ग् त्याला वेगळे ऐकूच येईनात, चांगला कानही गॅरेजातल्या ठणठणाटानं थकलाय. असं झालं की आम्ही मुलाला गळ्यावर हात ठेवायला सांगतो, ग् म्हणताना गळा थरथरतो, क् म्हणताना नाही. प्लास्टर नसलेल्या हातानं मी त्याचा हात धरला आणि माझ्या गळ्यावर ठेवला. तोच हात. त्याची बोटं जुन्या जागी बसली. मला घाम फुटला, खोटं कशाला लिहू? मी म्हटलं, "क्." मग म्हटलं, "ग्."

"हललं," तो म्हणाला. हात लगेच काढला नाही.

तेव्हाच मी त्याला घराचं सांगितलं. त्यानं हातोडी पिशवीत टाकली. म्हणाला, "वर्गासाठी घर घेईन, बाई. माफ नाय करणार."

मी म्हटलं, माफीचं कलम मी त्यात घालणारच नाही.

वरील मजकूर मी स्वतः दोनदा वाचला, दुसऱ्यांदा मोठ्यानं. खालील दोघांच्या समोर मी डाव्या हातानं सही केली, आणि माझ्या समोर त्यांनी सह्या केल्या.

मथुरा गोविंद शिवलकर

साक्षीदार :
१. रशीद इब्राहिम मुकादम, शेजारी
२. डॉ. संदेश पावसकर, माझं मनगट बसवणारे

ठिकाण : मिरजोळे, रत्नागिरी
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२५