धोम्यांचा आवाज

दिघी, ता. ३ मार्च १९५९

वडीलधारे अंबाजीमामा,

लढाईत मी ज्या विनाशिकेवर होतो, ती आता विलायतेत जपून ठेवणार आहेत. तिच्यावरच्या कामगिरीची हकिकत त्यांनी माझ्याकडून मागवली. आज ती लिहून काढली.

बुडालेल्या मालबोटीची एकवीस माणसं पाण्यात होती. (गावात तीस सांगतात, ते चूक.) खाली पाणबुडी असती, तर थांबणं म्हणजे आमचंच मरण. मी पाण्याखालचे आवाज ऐकायचं यंत्र कानाला लावून बसलेलो, आत नुसती टरटर. कप्तानाने विचारलं, "पाणबुडी?" आवाज ओळखायचं शिकवणीचं पुस्तक मला तोंडपाठ होतं, पण त्यात हा आवाज नव्हता. तो मी तुमच्या होडीत ऐकला होता. तुम्ही पाण्यातल्या वल्ह्याच्या दांड्याला माझा कान लावलात, तेव्हा मी हसलो होतो, "मामा, मासा काय बोलतो?"

"बोलतो रं! तुज्या मास्तरापरीस बरा बोलतो. धोमं हायत, जाळं टाक."

मी म्हटलं, "मासे आहेत, साहेब." बोट थांबली. एकवीसच्या एकवीस माणसं वर घेतली.

कप्तानाने शाबासकी देऊन विचारलं, कुठे शिकलास? मी म्हटलं, "माझा मीच." पंधरा वर्षं तेच सांगत आलो. आजच्या हकिकतीत मात्र तुमचं नाव, गाव, धंदा नीट लिहिला आणि पाकीट टपालात टाकलं.

हे पत्र मात्र टाकणार नाही. तुमची पत्रं वाचून दाखवायला मीच येतो, आणि हे तुमच्या तोंडावर वाचायची माझी छाती नाही.

तुमच्या होडीत शिकलेला,
बाळाजी