बाईसाहेबांची नाडी कुणाजवळ उतरते

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा खोगीर शिवण्याचा, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहीत आहे. शुद्धीत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. ते जनावरांचे डॉक्टर आहेत, पण मला चांगलं ओळखणारे तेच.

कलम १. घर मुलाला. छत गळतं हे त्याला ठाऊक आहे, कारण दर वर्षी "बघतो" असं तोच म्हणतो. घरासोबत ते बघणंही त्याच्याकडेच सोपवते.

कलम २. दुकानातल्या आऱ्या, दाभण, रापी आणि मेणाचा दोरा सुनेला. या घरात सरळ टाका तिलाच घालता येतो. मुलाने हत्यारांना हात लावू नये. मागे त्याने माझ्या चांगल्या आरीने रंगाचा डबा उघडला होता, ते मी विसरलेले नाही.

कलम ३. जावईबापूंना बाईसाहेबांची वंशावळ, काचेच्या चौकटीसह. बाईसाहेब म्हणजे माझी अरबी घोडी, वय तेवीस. जावईबापूंना तिच्या सात पिढ्या तोंडपाठ. स्वतःच्या पणजोबांचं नाव विचारलं की बायकोकडे बघतात. पाहुण्यांपुढे तिच्या मानेचं, शेपटीचं कौतुक करून थकत नाहीत आणि खरारा करायची वेळ आली की यांची कंबर धरते. सबब कागद त्यांना, घोडी नाही.

कलम ४. धाकट्या बहिणीला काही नाही. चौदा वर्षं आमचं बोलणं नाही. का, ते तिला ठाऊक आहे.

कलम ५. आता खरा प्रश्न. माझ्यामागे बाईसाहेबांना कोण सांभाळणार? बाकी सगळं विकलं तरी मला सोयरसुतक नाही, पण म्हातारपणी ती भलत्याच्या दारात उभी राहिली तर मला मेल्यावरही चैन पडणार नाही.

हे ठरवायला मी आमच्या शर्यतीचा नियम वापरला. लांब पल्ल्याच्या शर्यतीत नुसतं आधी पोचून भागत नाही. रेषा ओलांडल्यावर अर्ध्या तासात घोड्याची नाडी मिनिटाला चौसष्टवर उतरावी लागते. डॉक्टरांपुढे घोडा आणायची संधी एकदाच. नाडी उतरली नसेल तर बाद, आणि दिवसभराची दौड पाण्यात.

तेव्हा डॉक्टरांना कानाला नळी लावून बाईसाहेबांजवळ उभं केलं आणि एकेकाला तबेल्यात बोलावलं. माझ्याजवळ बाईसाहेबांची नाडी छत्तीस असते. मुलगा आत आला, त्याचा फोन वाजला, बावन्न. जावईबापू अत्तर लावून, फोटोवाल्याला घेऊन आले, अडुसष्ट. जागच्या जागी बाद! सून आली तेव्हा चाळीस, पण बिचारीला घोड्याच्या केसांनी शिंकांवर शिंका येतात.

मागच्या महिन्यात मी तापाने पडले. डॉक्टरांनी मला न विचारता धाकटीला निरोप धाडला. ती आली, माझ्या खोलीत डोकावलीसुद्धा नाही, तडक तबेल्यात गेली. डॉक्टरांनी मोजलं, तीस. माझ्याजवळ छत्तीस आणि तिच्याजवळ तीस! तेवीस वर्षं दाणापाणी कुणी घातलं? ताप उतरला तरी माझा राग उतरेना.

राग गेल्यावर जे उरलं ते लिहिते. चौदा वर्षांपूर्वीच्या त्या मोठ्या शर्यतीत धाकटी माझ्या मदतीला होती. बादल्या, पाणी, सगळं तिच्याकडे. बाईसाहेबांवर बसून रेषेवर पहिली मीच आले. पहिला नंबर पक्का होता, नाडी उतरायची तेवढी वाट बघायची होती. तिने घोडीच्या छातीला हात लावला आणि म्हणाली, "ताई, थांब. अजून अडुसष्ट आहे." अकरा मिनिटं हातात होती. पण वर्तमानपत्राचा फोटोवाला "आटपा, आटपा" करत होता, आणि मी घोडीला डॉक्टरांपुढे नेलं. सदुसष्ट. बाद. मग चारचौघांत मी म्हणाले, "हिला साधं मोजतासुद्धा येत नाही."

तिने बादली खाली ठेवली आणि गेली.

तिचं मोजणं बरोबर होतं. घाई माझी होती. हे मला त्याच दिवशी कळलं होतं, पण सांगायला तोंड नव्हतं. मी चुकले.

सबब कलम ४ रद्द.

कलम ६. बाईसाहेब, त्यांच्या बादल्या आणि झूल यांसह, माझ्या मृत्यूनंतर धाकट्या बहिणीला.

पुरवणी. हे वकिलांच्या ऑफिसात बसून लिहिते. साक्षीदार दोन लागतात. एक डॉक्टर. वकिलांचा कारकून रजेवर, म्हणून डॉक्टर दुसऱ्या साक्षीला धाकटीलाच घेऊन आले. वकील म्हणाले, "यांची सही चालेल, पण मग यांना घोडी मिळणार नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही."

धाकटीने कागद ओढून घेतला. पाचवं आणि सहावं कलम दोनदा वाचलं.

"मेल्यावर देणार?"

"अगं, मृत्युपत्र आहे. मेल्यावरच."

"ती तेवीस, तू त्र्याहत्तर. तुमच्यात आधी कोण जातं याची वाट बघत बसू मी? आणि हे 'मी चुकले'? हेही मेल्यावरच कळवणार होतीस?"

मी पेन खाली ठेवलं. तिच्या तोंडावर म्हणाले, "चुकले गं मी. फार चुकले."

वकिलांनी विचारलं, "हे कुठल्या कलमात घालू?"

सबब कलम ६ सुद्धा रद्द. बाईसाहेब मी आजच, माझ्या हयातीत, धाकटीला दिल्या. तिला आता या कागदातून काहीही मिळत नाही, म्हणून साक्षीदार व्हायला ती लायक आहे.

ठिकाण: वकिलांचं ऑफिस, पहिला मजला
दिनांक: महिन्याचा दुसरा बुधवार
सही: लिहून ठेवणारी

साक्षीदार १: जनावरांचे डॉक्टर. लिहिणारी शुद्धीत आहे. हट्टी आहे, पण त्यावर औषध नाही.

साक्षीदार २: धाकटी बहीण. घोडी मिळाली. ताईने रोज सकाळी माझ्याकडे येऊन खरारा करायचा, हे कलम मी घालते, आणि ते मरणाची वाट न बघता उद्यापासून लागू.