हवेत लटकलेले चार बोल्ट

ग्योपिंगन, शनिवार

प्रिय गेरलिंडेआत्या,

साष्टांग नाही, पण कमरेत वाकून नमस्कार. तुझा गुडघा, तुझ्या कोंबड्या आणि तळघरातला आंबवलेला कोबी या सगळ्यांची प्रकृती उत्तम असेल असं धरून चालतो. गेल्या नाताळात मी शाळेची प्रमाणपत्रं तुझ्या अंगणात बर्फावर भिरकावली आणि 'शिकून कुणाचं भलं झालंय' असं ओरडून चालता झालो, ते तू विसरली नसशीलच. तर आत्या, मी जिंकलो. कालच जिंकलो.

पण आधी ताबेया. ती आमच्या कंपनीत माझ्या समोरच्या टेबलावर बसते आणि बाटल्या धुण्याच्या यंत्रांची डिझाइनं संगणकावर करते. माझ्याकडे बघून हसते. (माझ्यावर हसते, असं फाल्को म्हणतो, फाल्को विक्री विभागात आहे आणि त्याला कुणी विचारलेलं नाही.) मार्चमध्ये ती याच फाल्कोबरोबर ब्रेत्सेल खायला गेली. त्या रागात मी तिच्या ड्रॉइंगमधल्या यंत्राच्या झाकणावरची चार भोकं पुसली. ती पुसायचीच होती, गिऱ्हाइकाने तसं कळवलं होतं. फक्त शांत डोक्याने पुसायची होती. आमच्या सॉफ्टवेअरची खोड अशी, की भोक पुसलं तरी त्यातला बोल्ट जागच्या जागी राहतो. हवेत, निराधार, माझ्यासारखा. तो वेगळा पुसावा लागतो. मी पुसला नाही.

ड्रॉइंग वर्कशॉपात गेलं. तिथले फोरमन हेबर्ले म्हणजे ताबेयाचे वडील. दुसरा कुणी असता तर फोन करून विचारता, बाबांनो, हे बोल्ट कशाला? पण आपल्याकडे ड्रॉइंग म्हणजे ड्रॉइंग. हेबर्लेंनी ते बोल्ट हवेत नेमक्या त्याच जागी राहावेत म्हणून पोलादाचं सुंदर ब्रॅकेट घडवलं, घासून लखलखीत केलं आणि यंत्राला जोडून दिलं. (एक जास्तीचंही केलं, लागलं तर असावं म्हणून.) ड्रॉइंगवर नाव ताबेयाचं. सगळं वर्कशॉप हसलं आणि ती माझ्याशी बोलेनाशी झाली. आत्या, तेव्हापासून मला जेवण गोड लागत नव्हतं.

काल श्टुटगार्टला सॉफ्टवेअरवाल्यांचा मेळावा होता, नव्या आवृत्तीत काय काय येणार ते दाखवायला. आमचं अख्खं ऑफिस गेलं होतं. व्यासपीठावर एक गुळगुळीत गृहस्थ. म्हणे आता पडद्यावरचं पोलाद आरशासारखं चमकेल, कुठला भाग कुठे जोडायचा ते संगणक आपणहून सुचवेल. मी उभा राहिलो.

"भोक पुसलं तर बोल्ट जाणार का?"

"ती सूचना विचाराधीन आहे. बसा."

मला 'बसा' म्हटलेलं सोसत नाही (कॉलेज त्यावरूनच सुटलं). मी पुढे गेलो, पिशवीतून ते जास्तीचं ब्रॅकेट काढलं आणि त्यांच्या टेबलावर आपटलं. म्हटलं, "तुमचा विचार होईतो आमच्याकडे हे तयार झालं. आरशासारखं चमकतंय, बघून घ्या."

मग मागून कुणीतरी बाकावर बोटांची पेरं वाजवली, आणि बघता बघता सगळे वाजवू लागले. कॉलेजात टाळ्यांऐवजी वाजणारा हा आवाज मी फक्त प्राध्यापकांसाठी ऐकला होता. गृहस्थांनी शेजाऱ्याच्या कानात काहीतरी कुजबुजून मग जाहीर केलं, येत्या आवृत्तीत भोकाबरोबर बोल्टही जाईल. मी वळून पाहिलं. ताबेया दोन्ही हातांनी बाक बडवत होती.

परतीच्या गाडीत ती माझ्याशेजारी बसली. म्हणाली, "मूर्ख आहेस. पण खणखणीत मूर्ख आहेस." फाल्को उभा होता.

कोंबड्यांना माझ्यातर्फे दोन दाणे जास्त टाक.

तुझा विजयी भाचा,
वेंडेलिन

ता. क. गिऱ्हाइकाला ब्रॅकेट फार आवडलंय. त्यांचे कामगार त्यावर टोप्या अडकवतात. आता सगळ्याच यंत्रांना हवंय. हेबर्ले म्हणतात, "नवी आवृत्ती येऊ दे, पण ते बोल्ट पुसलेस तर बघ."

ता. क. ती विचाराधीन सूचना मुळात ताबेयानेच पाठवली होती, माझ्या कितीतरी आधी. गाडीत कळलं. म्हणजे मी नुसता ओरडलो.

ता. क. ती म्हणते, ओरडायचंच असेल तर शिक्षण पुरं करून ओरड. ऑक्टोबरमध्ये कॉलेजात परत जायचं कबूल केलंय. नाताळात मी फाटकापाशी वळून पाहिलं होतं; तू गुडघा धरून बर्फातून एकेक प्रमाणपत्र वेचत होतीस. जरा इस्त्री फिरवून पाठव.