अंजिरांचं भांडं

ईलिंग, डिसेंबर २००६

अहो,

केअर होममधल्या नर्सने वाचून दाखवलं तरी तुम्हाला कळणार नाही, म्हणून हे पाठवतच नाहीये.

आपल्या सुनेची, लुचियाची, आई गेल्यापासून त्यांची ख्रिसमसची अंजीर भरलेली इटालियन बिस्किटं मीच करते. चाखून बघायचा प्रश्नच नाही. सणाचं सारण मी कधी उष्टं केलंय? आज लुचियाने पहिलं बिस्किट तोडलं. आत अंजीर नव्हतंच. ओलं खोबरं आणि वेलची!

"लव्हली, आई," ती म्हणाली आणि भिजवलेल्या अंजिरांचं भांडं तिने हळूच ब्रेडच्या डब्यामागे सरकवलं.

मला फार भीती वाटतेय हो. तुम्ही विसरायला लागलात, तेव्हा तुमच्या गाडीच्या किल्ल्या मी अश्शाच लपवायचे. हसत हसत.

तुमची,
कुमुद