सिनेमाच्या खालच्या ओळी

सेक्टर २, भिलाई
रविवार, दुपार

आदरणीय इवाई गुलाबराव यांस देवाजीचा सविनय जय भीम. विहीणबाईंनाही सांगावा.

तुमचा गुडघा आता कसा आहे? जिना सावकाश उतरत जावे. माझी तब्येत डॉक्टरच्या मते चांगली आहे, माझ्या मते नाही. सकाळी डाव्या कानात शिट्टी वाजते, ती कारखान्याची की वयाची हे कोणी सांगत नाही. आपली नात निशा कॉलेजसाठी तुमच्याकडे नागपूरला आली, त्याला आता साडेतीन महिने होतात. ती वेळेवर जेवते ना? तिच्या खोलीच्या खिडकीला कडी नीट लागते का? (हे मागच्या पत्रातही विचारले होते. तुम्ही "सर्व ठीक" एवढेच लिहिले. खिडकीचे वेगळे लिहावे.)

पत्र लिहिण्याचे कारण कोरियन सिनेमा. तुम्ही म्हणाल, सातवी पास माणसाला हे काय सुचले. मला नाही, निशाला सुचले. आमची मंडळी अंजनाबाई वारल्यानंतर घरात आम्ही दोघेच होतो. मुलगा-सून बिलासपूरला, पोरगी शाळेसाठी माझ्याजवळ. जेवताना ती कोरियन सिनेमा लावायची आणि खाली इंग्रजी ओळी यायच्या त्या मला आपल्या भाषेत सांगायची. कुठे रडू आले की ती वाचणे थांबवायची. मी विचारायचो, काय म्हणाला तो? तर म्हणायची, "काई नाही आबाजी, आईले आवाज देऊन राहिला." असे आमचे चाळीसेक सिनेमे झाले.

त्यामुळे तिथल्या डायरेक्टरांबद्दल माझी मते तयार झाली आहेत, आणि ती ऐकायला इथे कोणी नाही म्हणून तुम्हाला लिहितो. त्यांची नावे मला येत नाहीत (आडनाव आधी असते, हजेरीपटासारखे), पण मी त्यांना कामावरून ओळखतो. एक आहे, त्याच्या सिनेमात दोन माणसे टेबलाशी बसून दारू पितात आणि दोन तासांत उठतच नाहीत. याला घरी कोणी रागावत नसावे. दुसरा फार रक्त सांडतो, पण आधी सगळ्यांना पोटभर जेवू घालतो, हे मला आवडते. तिसरा सगळ्यांत चांगला. त्याचा म्हातारा फळ सोलायला बसला की कॅमेरा थांबून राहतो, फळ सोलून होईपर्यंत. आपल्याकडे म्हाताऱ्यासाठी इतका वेळ कोणता डायरेक्टर थांबतो? म्हातारा दिसला की खोकला, आणि खोकला झाला की हार घातलेला फोटो.

निशा गेल्यावर मी एकट्याने पाहू लागलो. ओळी वाचता येत नाहीत, पण मला वाटले, अडणार नाही. सव्वीस वर्षे रोलिंग मिलमध्ये क्रेन चालवली. वर केबिनमध्ये काही ऐकू येत नसे. खाली केवलराम उभा राहून हाताने इशारे करायचा, त्यावर मी टनाटनाचे लोखंड उचलले आणि कोणाच्या पायावर एकदाही ठेवले नाही. म्हणून सिनेमातही मी हात पाहू लागलो. जो दोन्ही हातांनी वस्तू देतो तो भला, असा हिशेब धरला. यातूनच घोटाळा झाला.

एका सिनेमात डोंगरावरचा विहार, अंगण झाडणारे भंतेजी, येईल त्याला दोन्ही हातांनी भात वाढणारे. पंधरा मिनिटे पाहून मी पसंत केला आणि पौर्णिमेला वंदनेनंतर आपल्या विहारातल्या टीव्हीवर लावायला सांगितले. कमिटीला मीच म्हणालो, धम्माचा सिनेमा आहे, जबाबदारी माझी. साठेक माणसे, सगळी पांढऱ्या कपड्यांत, हातात खीर. पंधरा मिनिटे फार छान गेली. मग पोलिसांची गाडी आली आणि भंतेजींनी छपरावरून उडी मारली.

महिला मंडळाच्या भीमाबाई पुढेच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "देवाजीभाऊ, हे भंतेजी कावून पळून राहिले? आन् हातात काय हाय त्यायच्या?"

विळा होता. मी म्हणालो, गवत कापायचे असेल. पण भंतेजींनी गवत कापले नाही.

रिमोट सापडेना. मी टीव्हीसमोर दोन्ही हात पसरून उभा राहिलो. लोकांना वाटले मला काही झाले. पण दाराशी केवलराम उभा होता (माझ्या शब्दाखातर आला होता). त्याने इशारा ओळखला, क्रेन थांबवायचा, आणि धावत जाऊन टीव्हीची वायरच उपटली. तो भंते खोटा होता, खुनी होता, लपला होता, हे मागाहून कळले. खाली लिहून येत होते म्हणे. निशा असती तर तिने दुसऱ्या मिनिटाला सांगितले असते. आता कमिटीने मला फक्त खुर्च्यांचे काम दिले आहे.

असो. मुलांना आशीर्वाद.

आपला,
देवाजी

ता. क. निशा फोन करते, "जेवले का आबाजी" विचारते, मी जेवलो म्हणतो, मग दोघांनाही काही सुचत नाही. ती गेली त्याच्या आदल्या दिवशी आमचा एक सिनेमा अर्धा राहिला. म्हातारा फळांची पेटी घेऊन मुलीकडे जायला बसमध्ये बसला आहे. पुढचे दाखवू का, असे टीव्ही रोज विचारतो. मी नाही म्हणतो. साडेतीन महिने तो बसमध्येच आहे. तेव्हा रविवारी ती मोकळी असेल तर तिने तिकडे लावावा, मी इकडे लावतो, आणि फोनवर खालच्या ओळी वाचाव्यात. चाळीस मिनिटांचे काम आहे. तुम्हालाच सुचले असे सांगावे.

ता. क. दुसरे. काल केवलराम आला होता. त्याच्याकडून रिमोटचे कुठलेतरी बटण दाबले गेले आणि बसमधला म्हातारा हिंदीत बोलू लागला. केवलराम म्हणाला, "ए तो हिंदी म गोठियावत हे, देवाजी." सगळेच सिनेमे असे हिंदीत बोलतात म्हणे. मी रिमोट घेतला आणि पुन्हा कोरियन केले. हे निशाला कळू देऊ नये.

खिडकीच्या कडीचे मात्र नक्की लिहावे.